शाळाबाह्य वसंत

महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलाला पळस फुललेला दिसू नये, अशी चोख व्यवस्था आपण करून ठेवली आहे. कुणी मुद्दाम केलेली नाही, पण आहे चोख. जानेवारीत स्नेहसंमेलन उरकतं. फेब्रुवारीत बारावीची लेखी परीक्षा सुरू होते, तिच्या मागोमाग दहावीची, आणि मोठ्यांचं बघून धाकट्यांच्याही घरात 'आता खेळ बंद' होतं. २०२५ मध्ये तर पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकानं २५ एप्रिलपर्यंत ताणल्या. सुटी लागते तेव्हा पळसाच्या शेंगा वाळून गळू लागलेल्या असतात, सावरीचा कापूस उडून गेलेला असतो, कुसुंबाची लालभडक पालवी केव्हाच हिरवी झालेली असते. मुलांच्या वाट्याला येतात करवंदं, आंबे आणि ऊन. तेही काही कमी नाही म्हणा. पण वसंत तोवर हातचा गेलेला असतो.

या वेळापत्रकाबाहेर दोनच प्रकारची मुलं उरतात. एक, पुण्या-मुंबईतल्या, नाशकातल्या घरांमधली, जिथं आईबापांनी ठरवून मुलांना शाळेत घातलेलं नाही किंवा शाळेतून काढलं आहे. दुसरी, गडचिरोलीत किंवा नंदुरबारकडे मार्च-एप्रिलच्या पहाटे आईबरोबर मोहाची फुलं वेचायला जाणारी. दोघांची घरं, भाषा, ताटातलं अन्न, काहीही एकसारखं नाही. पण सरकारी कागदावर दोघांना एकच शब्द आहे: शाळाबाह्य. ४ जुलै २०१५ ला राज्यभर एका दिवसात अशा मुलांची मोजणी झाली होती, तेव्हाही रकाना हाच होता. सलग महिनाभर वर्गात न दिसलेलं मूल शाळाबाह्य, आणि मोहाचा हंगाम चालतोही साधारण तेवढाच. योगायोग म्हणावा.

आमची लेक यातल्या पहिल्या गटातली. दहा वर्षांची आहे, तीन वर्षांपासून शाळेत जात नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याचं कलम १० मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हणतं, पण ते न केल्यास पालकाला शिक्षा मात्र सांगत नाही. त्या फटीत आमच्यासारखी कुटुंबं राहतात. पुढं राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा आहे, आपला जुना सतरा नंबरचा फॉर्म आहे. तो वाद इथं घालायचा नाही. मला बोलायचं आहे ते आम्हा घरशाळावाल्यांबद्दल, आणि थोडं कडू बोलायचं आहे. राज्यातल्या लाखो मुलांना जे मिळत नाही ते, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल या तीन महिन्यांच्या मोकळ्या सकाळी, आमच्या मुलांना फुकट मिळतात. आणि त्यांचं आम्ही काय करतो? बहुतेकदा, दुसऱ्या देशातला वसंत विकत आणतो.

निसर्गाभ्यासाची जी पद्धत आमच्या वर्तुळात चालते तिचं मूळ इंग्लंडमध्ये आहे. शार्लट मेसन या शिक्षिकेनं (१८४२ ते १९२३) मुलांना रोज उघड्यावर न्या, समोर दिसेल ते त्यांना वहीत काढू द्या, मध्ये मध्ये व्याख्यान झोडू नका, असा आग्रह धरला. पद्धत उत्तम आहे, मी तिच्या बाजूची आहे. पण पद्धतीबरोबर ऋतूही आयात झाला. मीही एक सुंदर छापील वही मागवली होती. वसंताच्या पानावर होतं: बर्फ वितळल्यावर दिसलेलं पहिलं हिरवं पान काढा. लेकीनं खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या पिंपळाची पानं भिरभिरत खाली येत होती आणि सोसायटीचा झाडूवाला वैतागला होता. तिनं विचारलं, "आपल्याकडे वसंत उलटा येतो का?"

उलटा येत नाही, पण वेगळा येतो, आणि हे वेगळेपण हीच आपल्याकडची निसर्गाभ्यासाची पहिली पायरी आहे. तिकडे थंडी झाडाला झोपवते आणि ऊब जागं करते. आपल्या पानझडीच्या जंगलात झाडाची पानं उतरवतो तो कोरडेपणा. पण गंमत अशी की पालवी फुटते तीही कोरड्यातच, पाऊस यायला दोन-तीन महिने असताना. पानं टाकल्यानं पाणी उडून जाणं थांबतं, खोडात ओल साठते, मुळं खोलवर गेलेली असतात, दिवस मोठा होत जातो, आणि भर उन्हात कोवळी पानं डोकावतात. पावसाबरोबर किड्यांची फौज येईपर्यंत ती पानं जून झालेली असतात. फुलांचंही तसंच. निष्पर्ण फांदीवरचं फूल पाखराला लांबून दिसतं, आणि बी तयार होते ती नेमकी मृगाच्या तोंडावर, पेरणीच्या वेळी. पुस्तकातला वसंत हिरवा असतो. आपला आधी तपकिरी असतो, मग शेंदरी, मग तांबूस, आणि हिरवा सगळ्यात शेवटी. पंचांगाशीही त्याचं जमत नाही. वसंत पंचमी माघात, वसंत ऋतू चैत्र-वैशाखात, आणि पळस फुलतो फाल्गुनात, म्हणजे कागदोपत्री शिशिरात. पळस पंचांग वाचत नाही, आणि मुलांना हे लवकर कळलेलं बरं.

छापील वही मी बाजूला ठेवली. दोनशे पानी साधी वही घेतली आणि टेकडीच्या पायथ्याचा एक पळस नेमून घेतला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून दर शुक्रवारी सकाळी साडेसहाला त्याच्यापाशी. नियम एवढाच की झाड बदलायचं नाही.

पहिले दोन शुक्रवार काहीच घडलं नाही. काळपट, मखमली कळ्या आणि वाकडंतिकडं खोड. मुलीला कंटाळा आला, मलाही आला. खोटं का सांगू. तिसऱ्या शुक्रवारी फांद्या पेटल्या होत्या. फुलाचा वास घेतला तर वासच नाही. मग एवढा थाट कुणासाठी? पुढचा तासभर उत्तर समोर येत होतं: शिंजीर, साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, आणि उलटी लटकून फुलात तोंड खुपसणारी खारसुद्धा. वास मधमाशीला लागतो, पाखराला रंग पुरतो, हे मी सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही. किंशुक या शब्दाचा अर्थ मात्र मी सांगितला: किं शुकः, हा पोपट तर नव्हे? तिनं फूल तळहातावर आडवं धरलं, बाकदार चोच पाहिली आणि संस्कृतबद्दल तिचं मत जरा सुधारलं.

खरी मजा त्यानंतर होती, जी एका दिवसाच्या सहलीत कधीच हाती लागत नाही. फुलं गळाली. खाली शेंदरी सडा पडला. तिनं एक फांदी दोऱ्यानं खूण करून ठेवली होती. तिच्यावरच्या ढीगभर फुलांतून शेंगा धरल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. "बाकीची फुकट गेली?" हा प्रश्न तिला आठवडाभर पुरला. पाखरानं रस पिऊन फूल नुसतंच फाडलं असेल, याच झाडाचा पराग याच झाडाला चालत नसेल, इतक्या शेंगा पोसायला झाडाकडे पाणीच नसेल. तिनं यातलं बरंचसं स्वतः सुचवलं, आणि यातलं बरंचसं खरं आहे. मग शेंग हातात आली. चपटी, कागदासारखी हलकी, आणि आत बी एकच, तीही अगदी टोकाला. शेंग उंचावरून सोडून बघितली. गिरकी घेत गेली. बी मध्यभागी असती तर काय झालं असतं, हे पाहायला तिनं पुठ्ठ्याच्या शेंगा कापल्या आणि मध्ये, कडेला, टोकाला चिंचोके चिकटवून गच्चीवरून सोडत बसली. भौतिकशास्त्राचा धडा यालाच म्हणतात का, मला ठाऊक नाही. गच्चीवर वाळवण घातलेल्या शेजारच्या काकूंनी त्याला वेगळं नाव दिलं.

एका झाडाशी दहा आठवडे राहणं आणि एका सकाळी चाळीस जाती 'बघणं' यात मी पहिल्याच्या बाजूनं उभी आहे. पैसे भरून जाण्याच्या निसर्गफेऱ्या हल्ली पुष्कळ निघतात. आम्ही गेलो आहोत, नेणारी माणसं जाणकार असतात, मनापासून सांगतात. पण फेरी संपताना प्रश्न ऐकू येतो: "आज किती झाले?" नावं पाढ्यांसारखी पाठ होतात आणि पाढ्यांसारखीच सुटी पडतात. शाळेतून मुलाला काढून जंगलात नेलं आणि जंगलात पुन्हा शाळाच भरवली, तर मग शाळा काय वाईट होती? तिथं निदान मधल्या सुटीत पकडापकडी तरी होते.

नावांबद्दल मात्र मी हट्टी आहे. विक्रोळीला पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेनं गुलाबी टॅबेबुया फुलतो, तेव्हा दरवर्षी फोटो फिरतात: 'मुंबईची चेरी ब्लॉसम'. झाड सुरेख आहे, वाद नाही. पण मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या झाडाला जपानच्या झाडाचं नाव इंग्रजीत देऊन आपण मुंबईचा वसंत साजरा करतो, याचं मला हसू येतं आणि थोडी लाजही वाटते. पुण्याच्या टेकड्यांवर फेब्रुवारीत फिकट गुलाबी बहर दिसतो तो गिरिपुष्पाचा. तोही मध्य अमेरिकेतलाच, वनखात्यानं लावलेला. त्याचं गावातलं नाव उंदीरमारी, कारण ते झाड उंदरांना विषारी. एका नावात झाडाचा गुण कळतो, दुसऱ्यात नुसता बहर. गुलाबी मैनेला आपल्याकडे भोरडी म्हणतात, आणि दुसरं नाव पळसमैना. युरोपच्या पूर्व टोकाकडून आणि मध्य आशियातून हिवाळ्यात येऊन ज्वारीवर उतरणारे हे थवे परतीच्या आधी पळस-सावरीवर रस पिताना दिसतात. पक्षी काय करतो, कधी करतो, कुठं शोधायचा, हे सगळं एका नावात आहे. हे नाव ठेवणारा माणूस कुठल्या फेरीला गेला नव्हता. तो शेतात होता.

टेकडीवर काटक्या गोळा करणाऱ्या एक मावशी भेटतात. एका बोडक्या झाडाकडे बोट दाखवून लेकीनं विचारलं, "मावशी, हे मेलंय का?"

"मेलं न्हाई गं. शिमटी हाय ती. फांदी नखानं खरवड जरा."

तिनं खरवडली. आत हिरवं होतं. ज्या ॲपनं आम्हाला पानाचा फोटो मागितला होता आणि पान नसल्यामुळे हात टेकले होते, ते मी खिशात ठेवलं. जिवंत आणि मेलेलं झाड कसं ओळखायचं हे सरपण गोळा करणाऱ्या बाईला ठाऊक असावंच लागतं, तिचं त्यावाचून अडतं. आमचं काहीच अडत नाही, ही आमच्या निसर्गाभ्यासातली खरी उणीव आहे.

इथं मोहाकडे वळते. मोहाची मांसल, फिकट फुलं रात्री आणि पहाटे टपटपतात, म्हणून उजाडायच्या आत झाडाखाली पोचावं लागतं. गुरं-रानडुकरं आधी पोचली तर वेचायला काही उरत नाही. कुठलं झाड कधी ढाळेल, किती दिवस वाळवायचं, कुठल्या झाडावर कुणाच्या घराचा हक्क, हे आठ-नऊ वर्षांच्या पोरीला येतं. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात आणि त्यातून वणवे लागतात, हेही तिनं पाहिलेलं असतं. पर्यावरणाचा धडा म्हणून ज्याला आपण गुण देतो, ते सगळं तिच्या अंगात आहे, आणि हजेरीपटावर तिच्या नावापुढं फुली आहे.

एवढं लिहून मी स्वतःलाच थांबवते. शहरातल्या बाईनं मोहाच्या पहाटेचं कौतुक करणं सोपं आहे. ते काम आहे, आणि त्यातून येणाऱ्या पैशावर घर चालतं. त्या मुलीला वाचता-लिहिता यायला हवं, हिशेबात व्यापाऱ्यानं तिला फसवू नये, आणि तिला वाटलं तर जंगल सोडून जाताही यायला हवं. तिला शाळा हवीच आहे. फक्त मार्चमध्ये शाळेनं तिच्याकडे जायला काय हरकत आहे? हा प्रश्न नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढं १९५० च्या दशकात ते डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असं दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणावर नेली. तिला नावही दिलं, कुरणशाळा. घरशाळावाल्यांनी इंग्लंडमधली बाग धुंडाळण्याआधी पालघर जिल्ह्यातलं हे कुरण पाहावं, असं मला वाटतं.

"पोटं भरलेल्यांचे चोचले आहेत हे," असं आमच्या एका नातेवाइकांनी तोंडावर सांगितलं. खोटं नाही. एका पालकानं घरी राहायचं किंवा कामाच्या वेळा हव्या तशा वळवायच्या, हे किती घरांना परवडतं? म्हणूनच मला वाटतं की हा वसंत आम्ही खासगी ठेवू नये, आणि सरकारनंही तो आमच्यावर सोडू नये.

सरकारनं करण्याजोगं एक काम तर कागदावर तयारच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी वर्षात १० दिवस दप्तराविना सांगितले आहेत. शाळा ते कुठं तरी सलग उरकतात, एखादी सहल, एखादा कारखाना, एखादा सुतारकामाचा वर्ग. माझी मागणी साधी आहे. हे दहा दिवस सलग देऊ नका. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून दहा आठवडे, आठवड्याला एक सकाळ, आणि झाड तेच. बस नको, तिकीट नको, तज्ज्ञही नको. महापालिकेच्या शाळेच्या भिंतीत उगवलेला पिंपळ चालेल, जिल्हा परिषदेच्या शाळेमागची बाभूळ चालेल, करंज तर कुठंही आहे. दर आठवड्याला पान, फूल, फळ किती आहे हे टिपण्याची साधी रीत 'सीझनवॉच' या देशभर चालणाऱ्या उपक्रमानं घालून दिली आहे. मराठी तिसरीतल्या मुलालाही ती जमते.

परीक्षा आड येतात, हे उत्तर मला ऐकवलं जाईल. दहा सकाळी, प्रत्येकी दोन तास, म्हणजे वीस तास. सराव परीक्षांची एक फेरी कमी केली तरी तेवढा वेळ निघतो. पर्यावरण हा विषय शाळेत सक्तीचा करा, असं सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्येच बजावलं. आपण तो केला, म्हणजे त्याचं पुस्तक काढलं आणि प्रकल्पाची वही स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळू लागली. ऊन हा आक्षेप मात्र खरा आहे. विदर्भात मार्चअखेरीस नऊ वाजताच झळा लागतात. तिथं दहा आठवडे जानेवारीच्या मध्यावर सुरू करावेत, झाडंही तिकडे आपल्या वेळेनंच चालतात. साप, आग्या मोहोळ, रस्ता ओलांडणं, हे सगळं असतं. आम्हाला स्वतःला धडा मिळाला तो खाजकुयलीकडून. वाळलेली मखमली शेंग लेकीनं गोंजारली आणि पुढचा तास आम्ही दोघी शेणात हात घालून बसलो होतो, कारण मावशींनी तेच सांगितलं. निसर्ग गोंडस असतो, ही समजूत त्या दिवशी गेली.

आम्ही आमच्या बाजूनं दोन गोष्टी केल्या. शुक्रवारची फेरी रविवारी हलवली, म्हणजे शाळेतल्या मुलांनाही येता येईल. पलीकडच्या वस्तीतली पाच-सहा मुलं येतात, महापालिकेच्या शाळेतली. त्यातल्या एकाचे वडील मराठवाड्यातून बांधकामावर आलेले. पळसाला नवी पानं आल्यावर त्यानं दोन मिनिटांत काडी टोचून द्रोण करून दाखवला, आणि आमच्या मुलीचे सात द्रोण गळके निघाले.

दुसरी गोष्ट नोंदींची. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीनं, नगरपालिकेनं, महापालिकेनं लोकांच्या माहितीवरून जैवविविधता नोंदवही करायची आहे. राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातल्यावर ठिकठिकाणी त्या घाईनं भरल्या गेल्या. त्यांत जातींच्या याद्या सापडतात. कुठला पळस कधी फुलला, त्यावर कोण आलं, हे क्वचितच. मुलांच्या दहा आठवड्यांच्या नोंदी, मावशींनी सांगितलेल्या नावांसकट, तिथं जायला हव्यात असं आम्हाला वाटलं. नीट प्रत काढून एका कार्यालयात घेऊन गेलो. खिडकीवरच्या गृहस्थांनी सौजन्यानं अर्ज दिला. त्यात एक रकाना होता, 'शाळेचे नाव'. शाळा नाही म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि रिकामा अर्ज घेता येत नाही म्हणाले. मुलं बाहेर जिन्यात थांबली होती. द्रोणवाल्या पोराला विचारून त्याच्या शाळेचं नाव लिहिलं, खाली सहा जणांची नावं, आणि 'माहिती देणार' या ओळीत मावशींचं. पावती मिळाली. ती सध्या त्याच्याकडे आहे, दप्तरात.